दोन कोबोल प्रोग्रॅमना सॉकेटवरून बोलतं करताना

कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत मुरलेल्या माणसाला एक सवय जडलेली असते. रीड म्हटलं की एक रेकॉर्ड हातात पडतं. ऐंशी बाइटचं असेल तर ऐंशीच्या ऐंशी. अर्धं रेकॉर्ड, दीड रेकॉर्ड ही भानगडच नाही. सॉकेटच्या (नेटवर्कवरून दोन प्रोग्रॅम जोडणाऱ्या टोकाच्या) वाटेला पहिल्यांदा जाणाऱ्याची फजिती नेमकी इथे होते, कारण टीसीपीला (नेटवर्कवर बाइट पोचवणारा नियमसंच) रेकॉर्ड ठाऊकच नाही. त्याला ठाऊक आहे तो बाइटांचा ओघ. तुम्ही २२ बाइटचे तीन संदेश सोडलेत, तर पलीकडे ते ६६ बाइटचा एकच गठ्ठा म्हणून उतरतील, नाहीतर १५, ४० आणि ११ असे तुकडे होऊन. क्रम बिघडणार नाही, मधला बाइट गळणार नाही. पण एक संदेश कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे सांगायची जबाबदारी टीसीपीने घेतलेली नाही. ती तुमची.

या लेखात आपण दोन छोटे प्रोग्रॅम बांधू. एक ग्राहक, जो खाते क्रमांक पाठवून शिल्लक विचारतो. दुसरा सर्व्हर, जो उत्तर देतो. जोडणी एकदा उघडायची आणि उघडीच ठेवायची; दर प्रश्नाला नवी जोडणी नाही. बँकांच्या कामात साधारण असंच चालतं.

लेखात कोबोलचे शब्द देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपी, आणि चलांची नावंही तुमची तुम्ही रोमनमध्ये ठेवा.

हत्यारं

लिनक्स आणि ग्नूकोबोल एवढं पुरतं. ग्नूकोबोल म्हणजे पूर्वीचा ओपनकोबोल. तो कोबोलचं आधी सी भाषेत रूपांतर करतो आणि मग सीच्या कंपायलरकडून चालता प्रोग्रॅम बनवून घेतो. याचा फायदा असा की लिनक्सच्या सी लायब्ररीतली सॉकेटची फंक्शनं सरळ कॉल करून वापरता येतात, मधे वेगळी लायब्ररी लागत नाही.

भाषेत यासाठी क्रियापदं नाहीत का? होती. १९७४ च्या मानकात सेंड आणि रिसीव्ह घेऊन एक संपर्क विभागच आला होता. पुढे तो कालबाह्य ठरला. २०२३ च्या मानकात असिंक्रोनस संदेशांसाठी हीच दोन क्रियापदं नव्या अर्थाने परत आली आहेत. पण तुमच्या हातातला कंपायलर ती ओळखेल या भरवशावर राहू नका. आज काम भागवायचं तर सॉकेटच.

पहिली पायरी: आधी कागदावर संदेश

एडिटर उघडण्याआधी संदेशाचा आराखडा लिहून काढा. आपला असा ठरवू:

चौकशी: लांबी ४ अंक, प्रकार २ अक्षरं, अनुक्रमांक ६ अंक, खाते क्रमांक १० अंक.
उत्तर: लांबी ४ अंक, प्रकार २ अक्षरं, अनुक्रमांक ६ अंक, निकाल २ अंक, शिल्लक १२ बाइट.

चौकशीचा मजकूर १८ बाइटचा, म्हणून तिच्या सुरुवातीला ००१८. उत्तराचा २२, म्हणून ००२२. घेणाऱ्याने आधी बरोबर चार बाइट वाचायचे, त्यांचा आकडा करायचा, मग तेवढेच बाइट वाचायचे. झाली संदेशाची हद्द.

लांबीत स्वतः लांबीचे चार बाइट धरायचे की नाही, हे दोन्ही बाजूंनी एकदाच आणि लेखी ठरवा. आपण धरत नाही. पाठवणाऱ्याने धरले आणि घेणाऱ्याने नाही, तर काय होतं ते गमतीशीर आहे. घेणारा न आलेल्या चार बाइटांची वाट बघत बसतो, पाठवणारा उत्तराची वाट बघत बसतो, आणि दोघंही अगदी शांत. ना त्रुटी, ना संदेश, नुसता थांबलेला प्रोग्रॅम.

लांबी बायनरीत ठेवावी की अंकांच्या मजकुरात? कार्डांच्या व्यवहारांत चालणाऱ्या आयएसओ ८५८३ च्या संदेशांना टीसीपीवर बऱ्याच ठिकाणी दोन बाइटची बायनरी लांबी लावतात. नवशिक्याने मात्र चार अंकच घ्यावेत असं माझं ठाम मत. तारेवर काय चाललंय ते डोळ्यांनी वाचता येतं, आणि त्या चार बाइटांवर ‘इज न्यूमेरिक’ची चाचणी लावता येते.

शिल्लक रकमेसाठी पिक एस९(९)व्ही९९ घ्या, पण त्याला ‘साइन लीडिंग सेपरेट’ जोडा. नाहीतर उणे चिन्ह शेवटच्या अंकात मिसळून जातं, आणि ते कसं मिसळायचं याची रीत प्रत्येक यंत्रावर एकच नसते. वेगळं चिन्ह घेतलं की एक बाइट जास्त लागतो, म्हणून अकरा अंकांचे बारा बाइट झाले. कॉम्प-३ (एका बाइटात दोन अंक ठासायची रीत) तर तारेवर सोडूच नका; कारण शेवटी येईल.

दुसरी पायरी: पत्त्याचे सोळा बाइट

सी मध्ये याला एक स्ट्रक्चर आहे. कोबोलमध्ये तोच गट असा लिहायचा:

०१ सर्व्हर-पत्ता.
०५ कुळ बायनरी-शॉर्ट अनसाइन्ड व्हॅल्यू २.
०५ पोर्ट पिक ९(४) कॉम्प व्हॅल्यू ५०५०.
०५ यजमान-१ बायनरी-चार अनसाइन्ड व्हॅल्यू १२७.
०५ यजमान-२ बायनरी-चार अनसाइन्ड व्हॅल्यू ०.
०५ यजमान-३ बायनरी-चार अनसाइन्ड व्हॅल्यू ०.
०५ यजमान-४ बायनरी-चार अनसाइन्ड व्हॅल्यू १.
०५ फिलर पिक एक्स(८) व्हॅल्यू लो-व्हॅल्यूज.

दोन, दोन, चार आणि आठ, मिळून सोळा. (बायनरी-चार मधला ‘चार’ हा आकडा नव्हे, कॅरॅक्टरचं लघुरूप.) कुळातला २ म्हणजे आयपीची चौथी आवृत्ती. १२७.०.०.१ म्हणजे हेच यंत्र. पोर्ट म्हणजे त्या यंत्रावरच्या कुठल्या प्रोग्रॅमशी बोलायचं ते सांगणारा क्रमांक.

आता पोर्टच्या ओळीकडे नीट बघा. कुळ बायनरी-शॉर्ट आहे आणि पोर्ट साधा कॉम्प. हे चुकून झालेलं नाही. नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो, इंटेलच्या यंत्रात लहान बाइट आधी असतो. ग्नूकोबोलच्या मूळ सेटिंगमध्ये साधा कॉम्प मोठा बाइट आधी ठेवतो, तर कॉम्प-५ आणि बायनरी-शॉर्ट यंत्राच्या पद्धतीने चालतात. म्हणून पोर्टला कॉम्प दिला की तो आपोआप नेटवर्कच्या क्रमात बसतो. सी वाल्यांना यासाठी वेगळं फंक्शन बोलवावं लागतं, आपल्याला नाही.

माझ्या पहिल्या प्रयोगात मी पोर्टलाही बायनरी-शॉर्ट दिला होता. ग्राहक आणि सर्व्हर दोन्ही मीच लिहिलेले, दोन्हींत तीच चूक, त्यामुळे सगळं छान चाललं. मग बाहेरून चाचणी घ्यायला नेटकॅट (कुठल्याही पोर्टला जोडून मजकूर पाठवणारं छोटं हत्यार) लावला तर ५०५० वर कुणीच नाही! ऐकणाऱ्या पोर्टांची यादी काढली तेव्हा आमचा सर्व्हर ४७६३५ वर बसलेला दिसला. हिशेब सरळ आहे: ५०५० म्हणजे १९ आणि १८६ हे दोन बाइट, ते उलटले की १८६ गुणिले २५६ अधिक १९.

याच ओळीत दुसरा सापळाही आहे. पिक ९(४) मध्ये चारच अंक मावतात, आणि मूळ सेटिंगमध्ये ग्नूकोबोल वरचे अंक गपचूप छाटतो. मूव्ह करून १५०५० दिलात तर सर्व्हर ५०५० वर बसेल. म्हणून सुरुवातीला चार अंकी पोर्टच घ्या.

मॅकवर हा आराखडा जसाच्या तसा चालणार नाही. तिथे या गटाचा पहिला बाइट लांबीचा असतो, आणि पुढे येणारे पर्यायांचे आकडेही वेगळे. इथले आकडे लिनक्सचे आहेत.

तिसरी पायरी: सर्व्हर दुकान मांडतो

क्रम ठरलेला आहे: सॉकेट, पर्याय, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट. अवतरणातली फंक्शनची नावं लहान अक्षरांतच लिहा. कोबोलला चालतं म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलीत तर ‘मॉड्यूल सापडलं नाही’ असं उत्तर मिळेल.

सॉकेटला तीन आकडे बाय व्हॅल्यू (म्हणजे थेट किंमत) द्यायचे: २, १, ०. परत येणारा क्रमांक बायनरी-लाँगमध्ये घ्या. उणे आला तर काहीतरी बिनसलं. हा क्रमांक म्हणजे तुमच्या सॉकेटचं टोकन, पुढच्या प्रत्येक कॉलला तो पहिला.

मग पत्ता पुन्हा वापरू देणारा पर्याय लावा. फंक्शनचं नाव सेट-सॉक-ऑप्ट, सलग एका शब्दात. त्याला टोकन, १, २, मग ज्याची किंमत १ आहे असा बायनरी-लाँग बाय रेफरन्स (म्हणजे किंमत नव्हे, तिच्या जागेचा पत्ता), आणि शेवटी ४. हे वगळलंत तर पहिल्या वेळी काही कळणार नाही. सर्व्हर बंद करून लगेच चालू केलात की बाइंड ‘पत्ता आधीच वापरात आहे’ म्हणून अडेल. जुनी जोडणी मिटल्यावर लिनक्स ती साधारण मिनिटभर राखून ठेवतो.

बाइंडला टोकन, पत्त्याचा गट बाय रेफरन्स आणि १६. लिसनला टोकन आणि रांगेची लांबी, समजा ५. ॲक्सेप्टला टोकन आणि दोनदा ओमिटेड, कारण ग्राहकाचा पत्ता आपल्याला नको आहे. ॲक्सेप्ट कुणी येईपर्यंत थांबतो, आणि कुणी आलं की नवं टोकन देतो. इथे पुष्कळ जण घसरतात: बोलायचं नव्या टोकनवर. जुनं फक्त दाराशी उभं राहण्यासाठी.

प्रत्येक कॉलनंतर परत आलेली किंमत तपासा. उणे आली तर लगेच, मधे डिस्प्लेसुद्धा न करता, सीचं पी-एरर हे फंक्शन बोलवा. त्याला झेड लावलेलं अवतरण द्या, म्हणजे मजकुराच्या शेवटी शून्य बाइट लागतो. ते कारण शब्दांत छापतं.

ग्राहकाची बाजू दोन ओळींची आहे. तसंच सॉकेट घ्यायचं आणि कनेक्टला टोकन, पत्ता, १६ द्यायचे. ‘जोडणी नाकारली’ आलं तर सर्व्हर चालू नाही किंवा पोर्ट चुकलाय.

चौथी पायरी: पाठवणं

लांबी आणि मजकूर एकाच ०१ गटात ठेवा आणि एकाच सेंडने पाठवा. आधी चार बाइट, मग अठरा, असे दोन सेंड केलेत तरी चालतं, पण कधीकधी प्रत्येक संदेशामागे चाळीसेक मिलिसेकंद वाया जातात. पाठवणारा लहान तुकडा पोचपावती येईपर्यंत अडवून धरतो, आणि घेणारा पोचपावती द्यायला मुद्दाम थोडा थांबतो. दोघांचा शहाणपणा एकमेकांच्या आड येतो.

सेंडला टोकन, गट बाय रेफरन्स, लांबी बाय व्हॅल्यू आणि एक झेंडा, म्हणजे कॉलने कसं वागायचं ते सांगणारा आकडा. लांबीसाठी बायनरी-डबल अनसाइन्ड घ्या, कारण ६४ बिटच्या लिनक्सवर तिथे आठ बाइटची अपेक्षा असते. झेंडा ० नको, १६३८४ द्या. पलीकडचा निघून गेलेला असताना लिहायला गेलं की लिनक्स एक सिग्नल पाठवून तुमचा प्रोग्रॅमच खलास करतो. हा झेंडा दिला की फक्त उणे एक परत येतो आणि तुम्ही शहाण्यासारखं आवरू शकता.

सेंडही सांगितलेले सगळे बाइट एका दमात नेईलच असं नाही. आपल्या २२ बाइटांना ही वेळ क्वचित येईल, पण मोठे संदेश पाठवायचे असतील तर पुढच्या पायरीसारखंच चक्र इथेही लावा.

पाचवी पायरी: घेणं

अख्ख्या कामाचा जीव या चक्रात आहे. फंक्शनचं नाव चार अक्षरी, आर-ई-सी-व्ही.

मूव्ह ० टू मिळाले
परफॉर्म अनटिल मिळाले = हवे
कंप्यूट जागा = मिळाले + १
कंप्यूट उरले = हवे - मिळाले
कॉल "आर-ई-सी-व्ही" युजिंग बाय व्हॅल्यू टोकन, बाय रेफरन्स पेटी(जागा:उरले), बाय व्हॅल्यू उरले, बाय व्हॅल्यू ०, रिटर्निंग आले
इफ आले शून्य किंवा उणे, तर खूण लावून एक्झिट परफॉर्म
ॲड आले टू मिळाले
एंड-परफॉर्म

हे वेगळ्या पॅराग्राफमध्ये ठेवा आणि प्रत्येक संदेशासाठी दोनदा चालवा. आधी ‘हवे’ मध्ये ४ ठेवून, मग आलेल्या लांबीचा आकडा ठेवून. मधल्या वेळात दोन तपासण्या करा. चारही बाइट अंक आहेत का? आकडा शून्यापेक्षा मोठा आणि तुमच्या पेटीच्या आकारात मावणारा आहे का? एक जरी उत्तर नाही आलं तर जोडणी बंद करा. ‘पुढचं नीट वाचू’ असा प्रयत्न करू नका. ओघात एकदा हद्द चुकली की ती पुन्हा सापडायला खूण नसते. पेटीचा आकार न तपासता वाचलंत, तर वर्किंग-स्टोरेजमधल्या शेजारच्या क्षेत्रांवर परका मजकूर चढेल.

शून्य आलं म्हणजे पलीकडच्याने रीतसर दार लावलं. ही त्रुटी नाही. पण तपासलं नाहीत तर ‘मिळाले’ कधीच वाढणार नाही, चक्र फिरत राहील आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाईल. नवशिक्याच्या सर्व्हरचा पंखा घरघरायला लागला की मी आधी ही ओळ बघतो.

चाचणी

सर्व्हर आधी नेटकॅटने तपासा, ग्राहक नंतर. पण हाताने ओळ टाइप करून एंटर मारू नका. एंटरचा एक बाइट मजकुरामागून जातो आणि पुढच्या संदेशाच्या लांबीत पहिला म्हणून वाचला जातो. मग ‘पहिली चौकशी चालते, दुसरी नेहमी फसते’ म्हणून तास जातो. प्रिंट-एफच्या आज्ञेने नेमका मजकूर नेटकॅटकडे वळवा.

नंतर मुद्दाम त्रास द्या. लांबीचे दोनच अंक पाठवा, पाच सेकंद थांबा, मग उरलेलं. दोन चौकश्या एकत्र चिकटवून पाठवा. संदेश अर्धा असताना जोडणी तोडा. या तिन्हींत सर्व्हर टिकला तर चौथी पाचवी पायरी जमली.

उघड्या जोडणीचं वेगळं दुखणं

बॅच प्रोग्रॅम दर रात्री नव्याने सुरू होतो, वर्किंग-स्टोरेज कोरं असतं. हा सर्व्हर आठवडाभर चालू राहील. मागच्या उत्तरातला मजकूर पेटीत तसाच पडून असतो, आणि पुढचं उत्तर लहान असेल तर शेपटीला आधीच्या ग्राहकाची शिल्लक चिकटून जाऊ शकते. प्रत्येक संदेशाआधी गट इनिशियलाइज करा.

अनुक्रमांक कशाला, असं मनात आलं असेल. ग्राहकाने दहा सेकंद वाट बघून नाद सोडला आणि त्याच जोडणीवर दुसऱ्या खात्याची चौकशी केली. तेवढ्यात पहिल्याचं रेंगाळलेलं उत्तर आलं. अनुक्रमांक जुळवून बघितला नाही, तर एकाच्या खात्यावर दुसऱ्याची रक्कम दिसेल, तीही सगळे आकडे व्यवस्थित असलेली. उत्तरात चौकशीचाच अनुक्रमांक परत पाठवायचा, आणि ग्राहकाने न जुळणारं उत्तर टाकून द्यायचं.

पलीकडचं यंत्र वीज जाऊन बंद पडलं तर आपल्याला शून्यही येत नाही, नुसती शांतता. लिनक्सची स्वतःची जिवंतपणाची तपासणी चालू केली तरी ती मूळ सेटिंगमध्ये दोन तासांनी सुरू होते. त्यामुळे ‘आहेस का’ असा आपलाच एक छोटा संदेश ठेवा, प्रकार वेगळा, मिनिटाला एक. मधली फायरवॉल बराच वेळ गप्प असलेली जोडणी तोडून टाकते, तेही याने टळतं.

हा सर्व्हर एका वेळी एकाच ग्राहकाशी बोलतो. अधिक हवे असतील तर ॲक्सेप्टनंतर फोर्क करून (चालत्या प्रोग्रॅमची प्रत काढून) प्रत्येकाला स्वतंत्र प्रोसेस देता येते. शिकताना त्यात पडू नका.

नाव मराठीत पाठवायचं असेल तर

उद्या उत्तरात शाखेचं नाव घालावंसं वाटेल. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, काना-मात्रा धरून. ‘पुणे’ मध्ये प, उकार, ण, मात्रा अशा चार खुणा, म्हणजे बारा बाइट. पिक एक्स(१०) मध्ये ‘पुण’ बसेल आणि मात्रेचा एक तृतीयांश. पडद्यावर शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसेल. क्षेत्र बाइटांत मोजून आखा, आणि संदेशाची लांबीही नेहमी बाइटांतच.

मेनफ्रेमशी गाठ पडल्यावर

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत कोबोल शिकणाऱ्याची खरी नेमणूक बहुधा आयबीएमच्या झेड मालिकेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे अवाढव्य कामं पेलणाऱ्या मोठ्या संगणकावर, होते. तिथे ही फंक्शनं थेट नाहीत. ई-झेड-ए-सोकेट नावाचं एकच दार आहे, आणि स्पेलिंगमध्ये सी नाही. कुठलं काम ते सोळा अक्षरांच्या क्षेत्रात शब्दाने सांगायचं. सगळ्यात आधी इनिट-एपीआय, शेवटी टर्म-एपीआय, मधला क्रम आपलाच. टोकन मात्र दोन बाइटचं, पिक ९(४) बायनरी. त्रुटीचा क्रमांक वेगळ्या क्षेत्रात सरळ मिळतो, ही सोय लिनक्सपेक्षा बरी.

खरी अडचण अक्षरांची. अक्षरांना आकडे द्यायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत: मेनफ्रेम एबसिडिकमध्ये लिहितं, लिनक्स आस्कीत. शून्य हा अंक आस्कीत ४८, एबसिडिकमध्ये २४०. तेव्हा लांबीचे चार अंकही रूपांतराशिवाय वाचता येत नाहीत. मेनफ्रेमवर यासाठी दोन तयार रूटीन आहेत: ई-झेड-ए-सी-आय-सी-०४ एबसिडिकचं आस्की करतं, ०५ उलट. पण ती अख्ख्या पेटीवर चालतात, आत काय आहे ते बघत नाहीत. आत कॉम्प-३ असेल तर त्याचे बाइट अक्षरं समजून बदलले जातील आणि रकमेचं भरीत होईल. म्हणूनच पहिल्या पायरीला सगळी क्षेत्रं मजकुरात घेतली.

रूपांतर राहून गेलंय हे ओळखायची सोपी खूण: एबसिडिकमधली रिकामी जागा म्हणजे ६४, आणि आस्कीत ६४ म्हणजे ईमेलच्या पत्त्यातलं ॲट चिन्ह. लिनक्सच्या बाजूला संदेश छापून बघा. नावापुढे ॲटची रांग लागलेली दिसली, तर सॉकेटच्या कोडला हात लावू नका, पाठवण्याआधी ०४ बोलवायचं राहिलंय.